पालखी थांबली तो खांब

त्या वर्षी आमच्या घरात कोणाला हाक मारून उठवावं लागलं नाही. सकाळी खाडीतून पहिला ठोका यायचा, ढप्प, फळीवरच्या कपबशा जराशा किणकिणायच्या आणि आई चुलीपाशी बसल्या जागेवरून म्हणायची, "उठा गो, अण्णाची छिन्नी उठली." मग दिवसभर तो ठोका चालायचा. आम्ही त्याच्यावर भांडी घासायचो, त्याच्यावर नारळ खवायचो, आणि जेवणाच्या वेळी तो थांबला की कानाला कसंतरीच वाटायचं, घरातलं कोणी उठून गेल्यासारखं. आज माझी साठी उलटली, मुंबईत मुलाकडे राहते, खिडकीखाली रस्ता फोडत असतात त्याचाही आवाज येतो. सून वैतागते. मला मात्र तो आवाज आला की भात शिजत असल्याचा वास येतो. आता हे तिला कसं सांगू.

आमची वाडी पूर्णगडाच्या अलीकडे, एका छोट्या खाडीच्या आतल्या अंगाला. पलीकडच्या काठावर बाजार, दवाखाना, एस.टी.चा थांबा आणि हायस्कूल. आमच्या काठावर सातवीपर्यंतची शाळा, देवीचं देऊळ आणि माड. मधे पाणी. हे पाणी माझे वडील लोकांना ओलांडून द्यायचे. त्यांना सगळी वाडी भाई म्हणायची म्हणून आम्हीही भाईच म्हणायचो. त्यांच्या दोन होड्या होत्या, एक थोरली आणि एक धाकटी, आणि आईचं म्हणणं असं की भाईंचा जीव मुलींपेक्षा थोरल्या होडीत जास्त आहे. होडीच्या ह्या ये-जाला आमच्याकडे तर म्हणतात. पावसाळ्यात ही तर बंद असायची, म्हणजे अडल्यानडल्या माणसाला भाई घेऊन जायचे, पण रोजची ये-जा नाही. त्यामुळे सातवी झाली आणि माझी शाळा संपली. मी एकदाच विचारलं होतं, "भाई, मला नाय नेणार रोज?" ते जाळं सांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मी तर चालवतो म्हणूनच सांगतोय गो. पावसात हे पाणी काय करतं ते मी बघितलेलं हाय." मी पुन्हा विचारलं नाही. पुढे जे काही वाचलं ते वाण्याच्या पुड्या सोडवून सोडवून. अर्धी बातमी आज, उरलेली अर्धी पुढच्या आठवड्याच्या साखरेबरोबर आली तर आली.

माझी धाकटी बहीण कुंदा माझ्यासारखी गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. ती तेव्हा सहावीत होती आणि घरात सगळ्यांना गणितं घालायची. पुलाचं काम मंजूर झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी भाई जेवताना म्हणाले, "पूल झाला की कुंदी हायस्कुलात जाईल. चालत." एवढंच. पण कुंदाने ते असं उचललं की जणू देवीसमोर बोललेला शब्द. त्या दिवसापासून तो पूल तिचा झाला. आणि खरं सांगायचं तर माझाही. मला जायचं नव्हतं आता कुठे, पण ती गेली तर मी गेल्यासारखंच होतं.

पूल होईल असं वाडीत मात्र कोणाला वाटत नव्हतं. त्याला कारण होतं. आमचा काठ जांभ्याचा, विहीर खणायची तर पहारीखाली ठिणगी उडते. पण खाडीत नुसता चिखल. आजोबांच्या वेळी कोणीतरी तिथे दगडांचा धक्का बांधायला घेतला होता. तो एका पावसाळ्यात कलला आणि दुसऱ्या पावसाळ्यात गेला. मोठ्या ओहोटीला त्याचा एक कोपरा दिसायचा, गाळात रुतलेल्या म्हशीच्या शिंगासारखा. म्हातारी माणसं पोरांना नेऊन दाखवायची. गावचे मानकरी तात्या, म्हणजे देवीचं गाऱ्हाणं घालणारे, त्यांचा शब्द वाडीत शेवटचा. पुलाचे लोक आले तेव्हा ते आमच्या पडवीत बसून म्हणाले, "उगाच कशाला घाम गाळता? ह्या खाडीला तळ नाय."

त्यावर पुलाच्या लोकांचा मुकादम व्यंकण्णा हसला. काळा, रुंद, कपाळावर आडवं भस्म, तेलंगणाकडचा माणूस. मराठी, हिंदी आणि त्याची भाषा असं सगळं एका ताटात कालवून बोलायचा. म्हणाला, "तळ आहे, तात्या. सब का तळ आहे. लांब आहे."

व्यंकण्णाच्या टोळीचं जेवण आईने अंगावर घेतलं, कारण खाडीकाठी घर आमचंच. पहिल्या दिवशी तिने बांगड्याचं सार केलं, आमच्या पद्धतीचं, भरपूर नारळ वाटून, आमसूल घालून. व्यंकण्णाने एक घास घेतला आणि विचारात पडला.

"अम्मा, हे गोड आहे?"

"गोड कसलं? मासे हायत."

"नारळ लई. मिरची कुठे?"

"मिरची तुमच्या पोटात जन्मापासून हाय. आता वर नारळ घाला जरा, थंड व्हाल."

दुसऱ्या दिवशी त्याने गावाकडून आणलेली मिरचीची पुरचुंडी आईपुढे ठेवली. आईने चिमूटभर घातली आणि आमच्या घरात सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी. पण गंमत अशी की महिन्याभरात भाई गुपचूप म्हणायला लागले, "अण्णाच्या वाटणीतलं थोडं वाढ." आणि व्यंकण्णा सोलकढीचे पेले मागून घ्यायला लागला.

त्यांच्यावरचे साहेब कांबळे. देवरूखकडच्या डोंगरातल्या एका वाडीचे, बौद्ध घरातले, त्यांच्या वाडीतले पहिले इंजिनिअर. अंगाने काटकुळे, डोक्यावर सदा एक कापडी टोपी. ते आमच्या पडवीत टोळीबरोबर पंक्तीला बसले तेव्हा शेजारच्या काकीने आईला मागच्या दारी बोलावून काहीतरी विचारलं. आईचा आवाज मला आतून ऐकू आला. "भाताला पाणी ठेवते तेव्हा मी तांदळाला जात विचारीत नाय. तुझ्याकडे जेवायला धाडू काय त्यांना?" काकी गेली. त्यानंतर हा विषय आमच्या घरात निघाला नाही. वाडीत निघत असेल.

जमिनीच्या वर उठणारं काम सगळेच बघतात. खाली जाणारं काम बघत बसायची सवय मला त्या वर्षी लागली. खाडीत लाकडी खांब ठोकून त्यांनी एक माचा उभा केला होता, काठापासून तिथपर्यंत जायला एका माणसापुरती डुगडुगती वाट. माच्यावर लोखंडी पायांची उंच तिपाई. तिच्या डोक्यावरच्या चाकावरून तार, तारेला छिन्नी. छिन्नी म्हणजे सुताराची नव्हे, चांगला रेडकाएवढा लोखंडाचा गोळा, खालून धारेचा. इंजिनावर ती वर ओढायची आणि सोडून द्यायची. ढप्प. मग ती काढून त्या जागी एक लांब नळकांडं सोडायचे, त्याच्या बुडाला झडप. ते चिखलाने भरून वर यायचं, ओकायचं, परत जायचं. पुन्हा छिन्नी. एकाच भोकात दिवसच्या दिवस. मला वाटायचं हे लोक कंटाळत कसे नाहीत. पण व्यंकण्णा प्रत्येक वेळी वर आलेल्या चिखलाकडे असा बघायचा, जसं कोणी बाजारात मासळी बघतं. बोटांत चोळायचा, नाकाशी न्यायचा.

आईला एक गोष्ट मात्र पटत नव्हती. भोक पाडलं की बाजूचा चिखल आत ढासळू नये म्हणून ते लोक त्यात करड्या मातीची पेज ओतून ठेवायचे. बेंटोनाइट म्हणायचे तिला. पोत्यातून पिठासारखी भुकटी यायची, पाण्यात घोळली की आंबिलासारखी दाट. आई म्हणाली, "चिखल काढायचा नि परत चिखलच ओतायचा, ह्याच्यात शहाणपण काय ते मला सांगा, साहेब."

कांबळेसाहेब तेव्हा घावन खात होते. त्यांनी घावन उचलून दाखवलं. "काकी, तुम्ही पीठ तव्यावर ओतता तेव्हा ते तव्याला धरतं. तशी ही पेज भोकाच्या भिंतीला धरते. पातळ पापुद्रा होतो. तो पापुद्रा आणि आतल्या पेजेचा भार, दोघं मिळून भिंत धरून ठेवतात."

आईने जरा विचार केला. "मंग फार वेळ राहिलं तर पापुद्रा सुटत असंल."

"सुटतो. म्हणून भोक तयार झालं की थांबायचं नसतं. काठाजवळचं एक आम्ही रात्रभर तसंच ठेवलं होतं, सकाळी निम्मं बुजलेलं."

हे वाक्य मी तेव्हा घावन उलटता उलटता ऐकलं. पुढे त्याच्यावरच सगळं येऊन ठेपणार होतं.

खाडीत तीन खांब यायचे होते. प्रत्येक खांबाखाली जमिनीत असे काही पाइल, म्हणजे चिखल भेदून खालच्या कातळात रोवलेले काँक्रीटचे पाय. दोन खांबांचं झालं. तिसऱ्याचा शेवटचा पाइल राहिला, आणि तोच सगळ्यांत खोल. कांबळेसाहेबांनी कुंदाला समजावून सांगितलं होतं की हा पाइल शिमग्यापर्यंत झाला तर पावसाच्या आधी खांब पाण्याच्या वर येतो. तसा आला तर पुढच्या उन्हाळ्यात वरचा रस्ता पडतो, आणि ती सातवी होईल तेव्हा पूल चालता होतो. नाही झाला तर तिपाई पुढच्या कामाला लोटे गावाला जायची आहे, परत कधी येईल ते त्यांच्या हातात नाही. कुंदाने हे आम्हाला रोज ऐकवलं. तिला माहीत होतं की वर्ष गेलं तर काय होतं. शाळा सुटलेली मुलगी वर्षभर घरात राहिली की लोक तिला बघायला यायला लागतात. ती माझ्याकडे बघून हे समजली होती. मला तेव्हा बघायला येऊ लागले होतेच.

आणि एका दुपारी ठोक्याचा आवाज बदलला. ढप्पचं ठक्क झालं. आई हातातलं खवणं सोडून उठली. "कातळ लागला." भाई काठावर होडीला डांबर लावत होते, तेही ओरडले, "कातळ लागला रे." वाडीतून माणसं धावत आली. आम्ही जांभ्यावर जन्मलेली माणसं, काही टणक लागलं की ते कातळच असं धरून चालणारी. साहेब त्या दिवशी रत्नागिरीला सिमेंट बघायला गेलेले. तात्यांनी स्वतः माच्यावर जाऊन नारळ फोडला, गाऱ्हाणं घातलं, आणि खाडीला तळ नाही असं आपण कधी बोललोच नव्हतो अशा चेहऱ्याने उभे राहिले. आईने शिरवळ्या करायला घेतल्या, तांदळाच्या शेवया, नारळाच्या गुळवणी रसातल्या. व्यंकण्णाही खूश होता, मान डोलवत होता. संध्याकाळी नळकांडं वर आलं आणि ओकलं तर पांढरंशुभ्र काहीतरी. कुंदा वाकली. "अण्णा, ही तर कालवं."

खरंच कालवंच होती. शिंपल्यांचा एवढा जाड थर, एकमेकांत रुतून दगडासारखा झालेला. कोणत्या काळी तिथे खाडीचा तळ असणार, देव जाणे. त्याच्या खाली पुन्हा चिखल, आधीच्याहून काळा, आणि त्यात कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, लाकडाचे तुकडे, अजून भिजलेले, वास येणारे. रात्रीच्या जेवणाला शिरवळ्या होत्या आणि जो तो ताटात बोटं फिरवत होता. मग तात्याच म्हणाले, "नारळ वाया गेला नाय. कालवांनापण गाऱ्हाणं घालायला कोण जातं नायतर?" व्यंकण्णाला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा तो इतका हसला की रस नाकात गेला.

पण त्या कालवांनी आमचे दिवस खाल्ले. खरा काळा कातळ लागला तो होळीच्या दिवशी. ह्या वेळी कोणी ओरडलं नाही. नळकांड्यातून काळ्या दगडाची चकमकती खडी आली, साहेबांनी ती धुऊन हातावर घेतली आणि व्यंकण्णाला नुसती मान हलवून दाखवली. कातळात हातभर छिन्नी घुसवून, भोक साफ करून, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सळ्यांचा लांब पिंजरा त्यात उतरवला. आता फक्त काँक्रीट. आणि काँक्रीट माच्यापर्यंत जायचं ते भाईंच्या होड्यांतून, कारण ती डुगडुगती वाट ओझ्याची नव्हती. होड्या माच्याला लागायच्या त्या फक्त भरतीला. रात्रीच्या भरतीला अंधारात होड्या चालवता यायच्या नाहीत, म्हणजे उद्याच्या दुपारच्या भरतीला; तोवर रात्रभर पेज ढवळत भोक राखायचं.

उद्या देवीची पालखी होती.

शिमग्यात आमची देवी पलीकडच्या काठावरच्या आपल्या बहिणीला भेटायला जाते. दुपारच्या भरतीला, होडीतून. थोरल्या होडीतून. तो मान आमच्या घराचा, भाईंच्या आज्याच्याही आधीपासूनचा. वर्षभर भाई कसेही असोत, त्या दिवशी ते पांढरं धोतर नेसून होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, उभे राहायचे तेव्हा आम्हाला ते आमचे वडील वाटायचे नाहीत, कोणीतरी मोठे वाटायचे. संध्याकाळी ते आणि तात्या पडवीत होडीसाठी झेंडूचे हार ओवत बसले होते. कांबळेसाहेब आले, टोपी काढून हातात धरली.

"तात्या, उद्याची भरती मला द्या."

तात्या हसले. "भरती काय माझ्या बापाची हाय, साहेब?"

"मग होड्या द्या. दोन्ही."

भाईंचा हात थांबला. साहेबांनी सगळं सांगितलं. भोक तयार आहे, पिंजरा आत आहे. आणखी एक दिवस ते उभं राहील याचा भरवसा नाही. ढासळलं तर पिंजऱ्यासकट जागा गेली, तिसरा खांब गेला, आणि तिपाई लोट्याला. एकदा ओतायला सुरुवात केली की मध्ये थांबताही येत नाही. नळीतून काँक्रीट तळाला सोडायचं, ते पेजेला वर ढकलत ढकलत येतं. नळीचं तोंड काँक्रीटात बुडालेलं राहायला हवं. खंड पडला तर मधे माती शिरते आणि पाय तिथेच मोडका.

"आणि देवी?" तात्यांनी विचारलं.

"मी बौद्ध माणूस आहे, तात्या. मी तिच्याकडे मागत नाही. तुमच्याकडे मागतोय."

तात्यांनी ओवत असलेलं फूल सुईवरून काढलं, पुन्हा घातलं. मी दारामागे होते, कुंदा माझा हात धरून. तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती आणि दोघींपैकी कोणाला ते कळत नव्हतं. शेवटी तात्या म्हणाले, "तुम्ही आमच्याकडे मागितलंत. आता आम्ही तिच्याकडे मागतो."

सकाळी देवळात कौल लावला. गुरवाने देवीला दोन्ही अंगांना भिजवलेल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बाय माझे, तुझीच लेकरं, तुझ्याच पायाखालची वाट बांधतायत, एक भरती मागतायत," आणि आम्ही सगळे त्या पाकळ्यांकडे बघत उभे राहिलो. पडेना. ना उजवी, ना डावी. खाडीत पाणी चढायला लागलेलं ऐकू येत होतं. भाईंचा चुलतभाऊ बाळा पुढे झाला. "देत नाय ती. म्हणून गप हाय."

तात्यांनी पाकळ्यांकडे आणखी एकदा बघितलं. "नाय द्यायचं असतं तर डावी टाकली असती. तिचा हात कोणी धरला नव्हता. ती थांबलीय." मग भाईंकडे वळले. "ती थांबलीय, तर आपण पण थांबू. जा, होड्या सोड."

मला आजही ठरवता येत नाही की तात्यांनी तेव्हा देवीचं मन वाचलं की स्वतःचं. पण एवढं सांगते, तसं बोलायला फार मोठी छाती लागते. पुढे वर्षभर वाडीवर काही वाईट आलं असतं तर लोकांनी त्यांच्याच दारात येऊन विचारलं असतं.

पालखी आपल्या वेळेला निघालीच. ढोल, ताशे, सनई. काठावर येऊन उभी राहिली. आमच्याकडे एकदा उचललेली पालखी देवीच्या सहाणेशिवाय, म्हणजे तिच्या दगडी ओट्याशिवाय, कुठे टेकवत नाहीत. त्यामुळे ती माणसांच्या खांद्यावर उभी, उन्हात, आणि खांदे बदलत राहिले. समोर काठावर काँक्रीट कालवायचं यंत्र गरगरत होतं. वाडीतली पुरुषमाणसं घमेली भरभरून होडीत टाकत होती, मग बायकाही लागल्या, मीसुद्धा. झेंडूचे हार घातलेली थोरली होडी काँक्रीट भरून माच्याकडे जायची आणि धाकटी परत यायची. भाई पांढऱ्या धोतरात, सकाळी नेसले होते तेच, गुडघ्यापर्यंत करडे झालेले. बाळाकाका पालखीजवळून मोठ्याने म्हणाले, "देवीचा मान सिमिटाला दिलास रे." भाई वल्हं मारत होते ते मारतच राहिले. ढोलवाल्यांनी पहिल्यांदा पालखीचा ठेका धरला होता. कधी बदलला कोण जाणे, पण थोड्या वेळाने घमेली ढोलावर चालायला लागली. द्या, घ्या, द्या, घ्या. तात्या पालखीपुढे काठी टेकून उभे आणि त्यांचीही मान त्याच ठेक्यावर.

मग पाणी वळलं. पुनवेच्या आसपासची ओहोटी, भरभर उतरते. थोरली होडी माच्याच्या अलीकडेच गाळाला टेकली. भाई खाली उतरले, कमरेइतक्या चिखलात, आणि दोन्ही हात वर केले. त्यांनी काही सांगायच्या आधी व्यंकण्णाची पोरं माच्यावरून उतरली, होडीपासून माच्यापर्यंत चिखलात उभी राहिली आणि घमेली हातावरून हातावर जायला लागली. पालखीजवळून कोणीतरी चालत आलं. बघते तर बाळाकाका. धोतर खोचून ते भाईंच्या शेजारी उतरले. आलेलं घमेलं त्यांनी पुढे दिलं; भाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

माच्यावर व्यंकण्णा भोकाच्या तोंडाशी पालथा पडून आत बघत होता. करडी पेज उसळून बाहेर वाहत होती. मग ती गढूळ झाली, मग तिच्यामागून दाट, स्वच्छ काँक्रीट वर आलं आणि कडेवरून ओसंडलं. व्यंकण्णाने हात वर केला. यंत्र बंद झालं, ढोल बंद झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला खाडीत बगळे उडाल्याचा आवाज ऐकू आला. कुंदा काठावर मटकन खाली बसली आणि रडायला लागली. आईने तिच्या पाठीवर काँक्रीटने माखलेला हात ठेवला, तो ठसा त्या फ्रॉकवरून कधी गेला नाही.

पण पालखी अजून खांद्यावरच होती. ऊन कललं होतं आणि खाडीत पाणी उरलं होतं ते मधल्या धारेपुरतं, बाकी सगळा चिखल, चमकणारा. गुरव तात्यांना हळू म्हणाला, "आता?" पलीकडच्या काठावर बहिणीकडची माणसं दुपारपासून वाट बघत उभी. एवढा वेळ तात्यांनी सगळ्यांना धरून ठेवलं होतं, आता पहिल्यांदा ते म्हातारे दिसले.

तेवढ्यात माच्यावरून फळ्या खाली पडायला लागल्या. धप्प, धप्प. व्यंकण्णाची टोळी सगळा माचा सोडवत होती. काम सुरू झालं तेव्हा पहिला खांब ठोकायला ते चिखलात असेच गेले होते, फळी टाकायची, तिच्यावर उभं राहायचं, मागची उचलून पुढे टाकायची. त्यांनी काठापासून फळ्या मांडल्या, दोन-दोन शेजारी. साहेबांनी टोपी खिशात कोंबली आणि तेही उतरले, मांड्यांपर्यंत. व्यंकण्णा तात्यांना म्हणाला, "देवी चला. आम्ही रस्ता चालवतो."

आणि पालखी निघाली. माणसं फळ्यांवरून हळूहळू पाऊल टाकत चालली होती आणि मागची फळी सुटली की चिखलातले हात ती उचलून पुढे द्यायचे. पालखीखाली सदा एवढासाच रस्ता, तिच्याबरोबर सरकणारा. कांबळेसाहेब पालखीच्या अगदी बाजूला होते. त्यांनी देवीला हात जोडले नाहीत, त्यांचे हात फळीखाली होते. मधल्या धारेत भाईंनी धाकटी होडी आडवी घालून छातीने दाबून धरली. पालखी तिच्यात एका बाजूने उतरली आणि दुसऱ्या बाजूने चढली. थोरलीचा नाही तरी धाकटीचा मान झाला. पलीकडच्या काठावर पाय लागले तेव्हा सूर्य टेकला होता. तिकडच्या ढोलवाल्यांनी जो ढोल धरला तो मी पुन्हा कधी तसा ऐकला नाही.

टोळी आठवड्यात लोट्याला गेली. जाताना व्यंकण्णाने आईला उरलेली मिरचीची पुरचुंडी दिली आणि आईने त्याला आमसुलं. पूल पुढच्या उन्हाळ्यात झाला. कुंदा जूनमध्ये छत्री घेऊन त्याच्यावरून हायस्कूलला गेली, आणि भाई पावसात काठावर उभे राहून ती पलीकडे पोचेपर्यंत बघत होते. त्यांना सवय नव्हती कोणी आपल्याशिवाय पलीकडे जायची.

पुलावरून पहिली पालखी गेली तेव्हा भाई घरातच बसून होते. होडीचं काम उरलं नव्हतं, पांढरं धोतरही पेटीतून बाहेर काढलं नव्हतं त्यांनी. ढोल वाजत पुलावर गेले आणि अचानक थांबले. मग एक पोरगा धावत आला. "भाई, तात्यांनी बोलावलंय." आम्ही मागून गेलो. पालखी तिसऱ्या खांबावर उभी होती. तात्या म्हणाले, "ह्या खांबासाठी ती थांबली होती. इथनं पुढे खांदा तुझा." भाईंनी रोजच्या लेंग्यावरच खांदा लावला.

तेव्हापासून पालखी तिथे थांबते आणि खांदा बदलतो. भाई गेल्यावर हा मान कोणाचा यावर दोनतीन वर्षं कुजबुज झाली, कारण भाईंना मुलगा नव्हता. बाळाकाका तेव्हा फार थकले होते. त्यांनाच लोकांनी पुढे केलं, घर एकच म्हणून. ते तिसऱ्या खांबापर्यंत काठी टेकत आले, पालखीकडे बघितलं आणि मागे वळून म्हणाले, "कुंदे, ये गो. तुझ्यापायी तर उभी होती ती."

कुंदा त्याच हायस्कूलमध्ये आता मुख्याध्यापिका आहे. दर शिमग्याला मी मुंबईहून जाते ती एवढ्यासाठी. गेल्या वर्षी माझ्याशेजारी दोन पोरं उभी होती. एक दुसऱ्याला सांगत होतं की पालखी इथे थांबते कारण हा पुलाचा मध्य आहे. पावलं टाकून बघतील कधीतरी. तो मध्य नाही.